चार दगडांवरची लाकडं

माझ्या आजोबांनी स्वतःच्या चितेची लाकडं तीस-बत्तीस वेळा तरी रचली असतील. दर वर्षी शिमगा झाला, पालखी देवळात परत गेली, की गावातले लोक कौलं चाळायला घेत, शेतात भाताच्या रोपांसाठी राब भाजत, आणि आजोबा आपली लाकडं रचायला घेत. गावात कुणालाच त्यात वावगं वाटत नसे. परका माणूस आला, गोठ्याच्या पाठीमागे चार दगडांवर रचलेला, पत्र्याने झाकलेला तो नीटस ढीग त्याने पाहिला आणि "चुलीसाठी का?" असं विचारलं, की आजोबा तोंडभर हसून म्हणत, "नाय ओ. माझ्यासाठी."

आमचं गाव पोलादपूरच्या वर, कुडपणच्या बाजूला डोंगरात. तिथला पाऊस ज्याने काढला नाही त्याला ही लाकडांची गोष्ट जरा चक्रमपणाची वाटेल. वाटू दे. जून लागला की बरणीतल्या मिठाचं पाणी होतं, भिंतींना बुरशी धरते, धुतलेलं धोतर चौथ्या दिवशी हात लावावा तर ओलंच. अशा दिवसांत माणूस गेलं तर घरचे रडायच्या आधी एकमेकांना विचारतात, सुकं लाकूड आहे का? पूर्वी घरोघरी माळे भरलेले असत. मग गॅस आला, माळे रिकामे झाले, आणि पावसाळ्यात सुकं लाकूड म्हणजे आजोबांकडचं, असंच होऊन बसलं.

हे सगळं सुरू झालं आजीपासून. वडील मुंबईला नोकरीत, आई त्यांच्याबरोबर, आणि मला आजी-आजोबांजवळ ठेवलेलं. त्यामुळे आई कोण म्हणून विचारलं तर मी आजीकडेच बोट दाखवायचे. मी पाचवीत असताना ती गेली, भर श्रावणात. बायका मसणात जात नाहीत, मीही गेले नाही. सकाळी गेलेले पुरुष दिवेलागणीला परत आले, पण त्यांच्यात आजोबा नव्हते. ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले. अंगाला रॉकेलचा वास येत होता. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही आणि कुणी त्यांना काही विचारलं नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी, मी महाडला शाळेत मास्तरीण म्हणून लागल्यावर, एकदाच त्यांनी ते सांगितलं, तेही मान खाली घालून सुपारी कातरता कातरता. "तीन डबे ओतले गो. वरच्या वर जळायचं नि इझायचं. जिनं जन्मभर ह्या घरात चूल पेटवली, तिला मला नीट पेटवता नाय आलं." मग अडकित्ता खाली ठेवून ते उठून गेले. मी त्यांच्यामागे गेले नाही.

आजीच्या नंतर आमच्या घरात रॉकेल आलं नाही. स्टोव्ह भंगारवाल्याला गेला, रेशनवरचा वाटा शेजाऱ्यांना. वीज गेली की करंजेलाची पणती लागायची आणि तिच्या वासाने आमची डोकी उठायची, पण आजोबांपुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. पुढच्या शिमग्यानंतर त्यांनी गोठ्यामागे चार दगड रोवले. गावी त्यांच्याजवळ राहणारे माझे काका, काकू आणि मी, तिघांना त्यांनी समोर बसवून पढवलं. "माझ्यावर एक थेंब ओतायचा नाय. माझं लाकूड मी ठेवून जातो. तुम्ही नुसती काडी लावा." नव्वदी ओलांडेपर्यंत जगलेल्या या माणसाने आमच्याकडे आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. चहासुद्धा ते 'दे' म्हणून मागत नसत, 'चहा झालाय का कुणाचा?' असं हवेत विचारत.

लाकडांचं त्यांचं शास्त्र ठरलेलं होतं. खाली ऐन, वर आंबा. तोड मार्गशीर्षात, तीही अवसेच्या आगेमागे, म्हणजे भुंगा लागत नाही. आख्खं झाड पाडायचं नाही, फांद्याच घ्यायच्या. वाळवी लागू नये म्हणून खाली दगड. आणि तळाचे दोन ओंडके आपल्या उंचीपेक्षा वीतभर लांब, कारण "पाय बाहेर लोंबकळलेले बरे दिसत नाय." यासाठी दर वर्षी त्यांची उंची मोजावी लागे, आणि ते काम माझं होतं.

त्यासाठी चिव्या बांबूची एक सरळ काठी ठेवलेली होती. आजोबा पडवीच्या खांबाला पाठ लावून उभे राहत, मी पाटावर चढून त्यांच्या डोक्यावर माझी पाटी आडवी धरायची आणि पाटी जिथे टेकेल तिथे काठीवर कोयत्याने खाच पाडायची. मग ते मला खांबाला उभं करत आणि काठीच्या दुसऱ्या अंगाला माझी खाच पाडत. माझ्या खाचा वर चढत होत्या आणि त्यांच्या खाली उतरत होत्या. "दोन बोटं कमी झालो गो यंदा. लाकूड वाचलं," असं ते म्हणत, तेव्हा एखाद्याने भाव पाडून आंबे आणावेत तसा त्यांचा चेहरा असे. मी नववीत असताना आमच्या खाचा अगदी समोरासमोर आल्या. पुढच्या वर्षी माझी वर गेली. आजोबा ती काठी घेऊन वाडीभर फिरले, घरोघरी दाखवत, "बघा, नात गेली पुढं."

दसरा झाला, पाऊस सरला, की ते ढिगावरचा पत्रा काढत. "हुकली यंदाची," असं म्हणत, जशी काही पोलादपूरची एसटी चुकली होती. मग ती लाकडं दिवाळीला निघत. आमच्या घरातल्या सगळ्या पोरांची दिवाळीची पहिली आंघोळ आजोबांच्या सरणावर तापलेल्या पाण्याने झालेली आहे. उटणं, सुवासिक तेल, आणि न्हाणीच्या चुलीत ऐनाचा लाल जाळ. मी लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत नवऱ्याला गावी नेलं आणि ही गोष्ट त्याला आंघोळ झाल्यावर सांगितली. तो महाडचा, बाजारपेठेत वाढलेला. त्याने विहिरीवर जाऊन पुन्हा आंघोळ केली. आजोबा महिनाभर हसत होते.

सगळ्याच वर्षी लाकडं दिवाळीपर्यंत टिकत असंही नाही. पावसात वाडीतलं कुणी गेलं की त्या घरचा माणूस येऊन अंगणात उभा राही, डोक्यावरून घोंगडी घेतलेला. त्याने तोंड उघडायच्या आत आजोबा पत्रा काढायला गेलेले असत. "घेऊन जा रे. मला घाई नाय." असं चार-पाच वेळा तरी झालं. आणि मग मात्र त्यांची धमाल असे. लाकडं गेली त्या दिवसापासून हा माणूस जपून राहू लागे. शेवाळलेल्या पायरीवर पाय ठेवायचा नाही, उकळलेलं पाणी प्यायचं, एक शिंक आली तरी काढा. मी चिडवायचे, "आजोबा, आता पडलात बिडलात तर?" ते म्हणायचे, "पडायला लाकूड कुठं हाय? आता दिवाळीशिवाय मला मरता नाय यायचं."

हे वाक्य ते हसत म्हणायचे आणि मी हसत ऐकायचे. पण माझ्या मनात ते जाऊन बसलं, आणि एकदा बसलं ते उठलंच नाही. लाकडं गेली त्या प्रत्येक वर्षी ते ठणठणीत राहिले होते, हेही मी पाहत होते.

माझे वडील त्यांच्या आधी गेले. मुंबईला, विजेच्या दाहिनीत झालं सगळं. आजोबा गावाहून येऊन पोहोचेपर्यंत आटोपलेलंही होतं. त्यांनी मला बाजूला घेतलं. "लाकूड लागलंच नाय?" मी नाही म्हटलं. "नि रॉकेल?" मी म्हटलं, "नाही आजोबा, काही नाही." त्यांनी मान हलवली. "मग बरं. माझ्या पोराला त्रास नाय झाला." त्या वर्षी चैत्रात लाकडं रचताना मात्र ते मध्येच थांबायचे, ओंडका हातात धरून उभे राहायचे, आणि काका हळूच तो त्यांच्या हातातून काढून घ्यायचे.

मी त्यांना हिवाळ्यात महाडला आणायचे. गुडघे धरले होते, म्हणून रिक्षात घालून जवळच्या सव गावी गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचे. ते पाण्यात पाय सोडून तासन्‌तास बसत. "बाय, ह्याला खालून लाकूड कोण घालतो?" मी शाळेत शिकवतात तसं जमिनीखालच्या उष्णतेबद्दल सांगायला लागले की म्हणत, "ते असंल. पण त्यानं लाकूड सुकं ठेवलंय, एवढं नक्की." तिथे त्यांच्याजवळ बसले की मला वाटायचं, हा माणूस जाणार नाही. माझं वय चाळिशीच्या पुढे, डोक्यात पांढरे केस, आणि तरी मला खरंच तसं वाटायचं.

मग तो शेवटचा उन्हाळा आला. त्या वर्षी लाकडं काकांनी रचली. आजोबा समोर खाटेवर बसून "तिरकं गेलं रे, सरळ घे" एवढंच सांगत होते. खाच पाडायला उभे राहिले तर पाठ खांबाला लागेना. आणि हसणं नाही, थट्टा नाही, साधं आज काय भाजी आहे असं सांगावं तसं म्हणाले, "यंदा गाडी हुकायची नाय गो." मी रागावले. आमच्यात राग मलाच येतो, तोही लगेच. असं अभद्र बोलायचं नाही म्हणून मी त्यांना दटावलं.

वैशाखात काकांच्या मुलाचं लग्न होतं, दारातच. मांडव पडला, पाहुणे आले, मुंबईहून जीप भरभरून माणसं आली. हळदीच्या दिवशी दुपारी आचारी येऊन म्हणाला, लाकडं कमी पडणार, उद्याचा भात शिजायचा नाही. पोरं टेम्पो घेऊन पोलादपूरला निघाली होती. मी म्हटलं, "कशाला? मागे आहेत ना."

काका नुसतं "अगो" म्हणाले. मी ऐकलं नाही. मीच पत्रा काढला आणि पहिला ओंडकाही मीच उचलून दिला. लोकांना वाटलं, लग्नघरात कुठे ते सरणाचं लाकूड, म्हणून ही मोकळं करतेय. तसं नव्हतं. मी शाळेत मुलांना सांगते, अंधश्रद्धा बाळगू नका, आणि माझ्या पोटात त्या दिवशी एकच होतं: लाकडं नसली की आजोबांना जाता येत नाही. पाऊस तोंडावर आलाय, लाकडं संपली, म्हणजे दिवाळीपर्यंत ते माझे. एवढा सरळ हिशोब. त्यात मला चूक दिसली नाही.

ऐनाचा धूर आजोबांनी लगेच ओळखला असणार. नवं धोतर नेसून पुढे मांडवात बसले होते, ते काठी टेकत टेकत मागे आले. चार दगड मोकळे होते. मी मागून त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि म्हटलं, "आता दिवाळीपर्यंत कुठे जायचं नाही. तुम्हीच म्हणता ना?" मला वाटलं ते हसतील. हसलेही थोडंसं. मग माझा हात थोपटून म्हणाले, "बाय, पाऊस पंधरा दिसांवर आलाय." आणि पुन्हा मांडवात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी लग्नात दोन जिलब्या खाल्ल्या. मी महाडला परतताना स्वतःवर खूश होते, हे आता सांगताना मला लाज वाटते.

आठवड्याने काकूचा फोन आला. आजोबा रोज सकाळी कोयता घेऊन बांधावर जातात आणि काटक्या वेचून आणतात. दगडांवर रचतात. काटक्याच त्या, बोटाएवढ्या. मी फोनवरच त्यांना ओरडले, "आजोबा, या वयात पडलात तर काय करायचं? गप्प घरात बसा." ते म्हणाले, "बरं." आणि खरंच बसले. माझं ऐकायचे ते. दोन दिवसांनी पाऊस लागला.

आषाढात त्यांना ताप आला, मग छाती भरली. पोलादपूरच्या डॉक्टरांनी तपासलं, वयाकडे बघून म्हणाले, आता घरीच ठेवा, सेवा करा. मी रजा टाकून गावी गेले. त्यांनी अन्न सोडलं होतं. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून पाठीला गोधड्यांची चवड लावून बसवलेले. श्वास आत जाताना करवत चालल्यासारखा आवाज यायचा. असे चार दिवस गेले, आठ गेले, बारा गेले. गावातली म्हातारी माणसं येऊन बसत आणि हळू आवाजात म्हणत, "जीव कशात तरी अडकलाय." कुणी म्हणालं गाय दाखवा, गाय दाखवली. कुणी म्हणालं मुलाचा फोटो दाखवा, माझ्या वडिलांचा फोटो समोर धरला. त्यांनी फोटोवर बोट फिरवलं आणि बाजूला ठेवला. वैशाखात लग्न झालेला नातू मुंबईहून फोनवर त्यांच्याशी बोलला.

जीव कशात अडकलाय ते मला माहीत होतं. कारण रोज सकाळी डोळे उघडले की ते कौलांवरचा पाऊस ऐकत आणि मला विचारत, "थांबला?" मी म्हणे, "नाही आजोबा." मग ते डोळे मिटून घेत आणि ओठ घट्ट आवळत, लहान मूल औषध नको म्हणून आवळतं तसे. दिवाळीपर्यंत कुठे जायचं नाही, असं मी लाडाने म्हटलं होतं. हा माणूस ते पाळत होता. हाडाची काडं झाली होती, पाठीला फोड आले होते, आणि तो पाळत होता. रॉकेलची भीती होती की माझी माया, की दोन्ही, मला आजही कळत नाही. मला एवढंच कळलं की माझी युक्ती लागू पडली होती, आणि ती मोडल्याशिवाय त्यांची सुटका नव्हती. देवा, आता ने यांना, असं मीच म्हणत होते. मी, जिने त्यांची वाट अडवली होती.

मी नवऱ्याला फोन केला. म्हटलं, महाडच्या वखारीतून सुकी लाकडं भर, वर दोन ताडपत्र्या घाल, आणि आज ये. हाच तो दोनदा आंघोळ करणारा नवरा. एक शब्द न विचारता त्याने टेम्पो भरला. दुपारी त्याचा फोन आला, पोलादपूर सोडल्यावर वर घाटात दरड आली आहे, रस्ता बंद, माणूस रिकाम्या हाताने कसाबसा चढून जाईल, पण लाकूड घेऊन नाही. किती वेळ? दोन दिवस, कदाचित चार. लाकडं माझ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर होती, ऐनाची, सुकी, ताडपत्रीखाली. मी फोन पडवीत ठेवला. आतून करवतीचा आवाज येत होता.

आत जाऊन मी त्यांच्या कानाशी वाकले. काका पायाशी बसले होते.

"आजोबा, लाकडं आली."

त्यांनी डोळे उघडले. "खरं?"

"महाडवरनं आणली टेम्पोने. ऐनाचीच. खडखडीत आहेत. मागे दगडांवर रचून वर पत्रा घातलाय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते खाली बघून आजोबांचे पाय चोळत राहिले.

आजोबा बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना कळलं असेल का, हा विचार मी फार करत नाही, मला तो झेपत नाही. मग ते म्हणाले, "मोज."

मी आढ्याला खोचलेली काठी काढली. त्यांचे गुडघे सरळ होत नव्हते, पाठ सरळ होत नव्हती. मी जमेल तशी डोक्यापासून टाचेपर्यंत काठी धरली आणि विळीच्या टोकाने खाच पाडली. ती खाच वाकडीच आली.

"किती?"

"चार बोटं कमी."

त्यांचे ओठ हलले, म्हणून मी कान जवळ नेला. "मग उरंल. दिवाळीला पाणी तापवा."

मी ते काकांना सांगितलं. त्यानंतर आजोबा बोलले नाहीत. ओठ सैल सुटले, श्वासातली करवत हळूहळू मंद झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास, मी चमच्याने चहा तोंडाशी धरलेला असताना, ते गेले. चहा ओठांवरून ओघळला आणि मी तो पदराने पुसला. बाहेर पाऊस ओतत होता.

वाडीने जे होतं ते आणलं. ज्यांच्या घरी मयताला आजोबांनी आपली लाकडं दिली होती, ती सगळी घरं आली. शेजारची म्हातारी, जिच्या नवऱ्याला एकदा भाद्रपदात आजोबांचा आख्खा ढीग गेला होता, तिने चुलीवरच्या शिंकाळ्यात ठेवलेली सुकी फाटी सगळीच्या सगळी पदरात घालून आणली आणि दारात ओतली. "एवढीच हायत गो," म्हणून ती रडायला लागली. प्रत्येक घरातून एक कवळ, दोन कवळ. सगळी मिळून वरच्या थरापुरती झाली. खालचं सगळं लाकूड ओलं होतं.

पुरुष त्यांना घेऊन गेले. मी गोठ्यामागे जाऊन उभी राहिले. तिथून शेतांच्या पलीकडे ओढ्याकाठचं मसण दिसतं. एरवी आम्ही तिकडे बघत नाही. बराच वेळ काहीच दिसलं नाही. मग पांढरा धूर निघाला, दाट, जमिनीसरसा. मग तो बंद झाला. पुन्हा निघाला, पुन्हा बंद. मी पदर तोंडात धरून मनात म्हणत होते, पेट, पेट ना रे. किती वेळ गेला माहीत नाही. मग एकदम धूर काळा झाला.

लाकडाचा धूर इतका काळा नसतो, हे डोंगरातल्या पोरीला कुणी सांगावं लागत नाही. मसणात गेलेल्या पोरांमध्ये एकाची जीप होती आणि जीपमध्ये डिझेलचा कॅन असतो. मी चार दगडांपैकी एकावर बसले. आजोबांनी वेचून आणलेल्या काटक्या तिथेच भिजत पडल्या होत्या.

संध्याकाळच्या आत माणसं परतली. मसणातून आलेल्याने अंगावर पाणी घेतल्याशिवाय घरात यायचं नसतं. मी गॅसवर पाणी तापवून अंगणात नेलं आणि काकांच्या डोक्यावर तांब्या ओतला. वाफ वर आली आणि तिच्याबरोबर त्यांच्या केसांतला डिझेलचा वास. पाचवीतली मी जिथे उभी होते तिथेच उभी होते.

विचारू नये हे मला कळत होतं. तरी विचारलं. "नीट पेटली?"

काकांनी डोक्याला साबण लावला होता, डोळे मिटलेले होते. ते म्हणाले, "पेटली गो. भडकन् पेटली. काय सुद्धा ओतावं लागलं नाय."

"बरं झालं," मी म्हटलं, आणि दुसरा तांब्या ओतला.

काकांनी तोंडावरचा फेस हाताने निपटला. मग म्हणाले, "दोन ओंडके उरलेत. आणतो मागाहून."

त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हती, वर्ष व्हायचं होतं. कंदील नाही, करंज्या नाहीत. तरी पहिल्या आंघोळीच्या आदल्या दिवशी मी गावी गेले. पिशवी पडवीत ठेवली आणि आधी गोठ्यामागे गेले. चार दगडांवर, पत्र्याखाली, दोन ओंडके होते. ऐनाचेच. तोडल्या जागी अजून ओले होते, हाताला चिकट लागत होते. पंधरा दिवसांपूर्वी ते झाडावर असणार. मी पत्रा पुन्हा नीट घातला.

पहाटे काकांनी ते फोडून न्हाणीच्या चुलीत घातले. पेटेनात. काकांनी फुंकणीने फुंकलं, मग काकूने, मग मी. घरभर धूर झाला. गॅस दोन पावलांवर होता, पण कुणी त्याचं नाव काढलं नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं तिघांच्याही, आणि धूर होता म्हणून कुणी कुणाला पुसायला सांगत नव्हतं. चांगलं उजाडलं तेव्हा कुठे एक लहानशी ज्वाळ धरली. काकूने माझ्या केसांना तेल लावलं आणि घंगाळातला पहिला तांब्या डोक्यावर ओतला. पाणी गारच होतं.

चुलीजवळून काकांनी हाक मारून विचारलं, "तापलंय का गो?"

"हो," मी म्हटलं. "कढत आहे."